पायांची बाराखडी

नाच हा डोळ्यांनीं पाहावयाचा विषय आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जगांत असेही कांहीं नाच आहेत कीं, ते डोळे मिटूनही अर्धेअधिक समजतात. नाचणारा पडद्याआड असला व त्याचें अंग मुळींच दिसत नसलें, तरी त्याचे पाय काय बोलत आहेत हें कान देणारास बरोबर सांगतां येतें. अशा नाचांपैकीं एकास इंग्रजींत टॅप असें म्हणतात. टॅप म्हणजे टकटक; दारावर बोटानें करावी तशी. आमच्या नववीच्या वर्गांतील कांहीं मुलामुलींनीं भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर हा नाच पाहिला आणि मधल्या सुटींत व्हरांड्याच्या फरशीवर बुटांचा असा खडखडाट मांडला कीं, शिक्षकांच्या खोलींत एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. त्यांच्या हौसेस आमचा विरोध नाहीं. या नाचाचीं पावलें कोणतीं, त्यांस काय म्हणतात व नवशिक्यानें आरंभ कोठून करावा, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. त्याचें उत्तर चार लोकांसमोर द्यावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

या नाचाचा बूट साधा चामड्याचा असतो. मात्र त्याच्या तळास दोन ठिकाणीं, पुढें चवड्याखालीं आणि मागें टाचेखालीं, धातूची एकेक पट्टी बसविलेली असते. पाहणाऱ्यास बैलाच्या नालाची आठवण व्हावी. पण नालाचें काम खूर राखण्याचें, तर या पट्टीचें काम बोलण्याचें. म्हणजे प्रत्येक पायास दोन तोंडें, व दोन्ही पायांस मिळून चार. ढोल वाजविणाऱ्यास दोनच हात असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नाचणाराची श्रीमंती कळून येईल.

ही श्रीमंती सुखाच्या पोटीं जन्मास आलेली नाहीं. आफ्रिकेंतून पकडून अमेरिकेंत नेलेल्या गुलामांनीं १७३९ सालीं साउथ कॅरोलायना प्रांतांत स्टोनो येथें उठाव केला. दुसऱ्याच वर्षीं, १७४० सालीं, तेथील गोऱ्या मळेवाल्यांच्या सरकारनें कायदा करून गुलामांस ढोल बाळगण्याची बंदी केली. कारण ढोलाच्या आवाजानें दूरच्या माणसास निरोप पोंचतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. ढोल गेले, पण ताल गेला नाहीं. तो टाळ्यांत, मांडीवरील थापांत आणि पायांत येऊन राहिला. पुढें आयर्लंडमधील गरीब लोक अमेरिकेंत आले, ते आपला पायांच्या झटपट हालचालींचा नाच घेऊन आले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतील कापडगिरण्यांच्या कामगारांचाही लाकडी तळाच्या जोड्यांचा एक नाच होता. या सर्वांची जी मिसळ झाली, तीच टॅप. १८४० च्या सुमारास विल्यम हेन्री लेन नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तींतून पुढें आला आणि १८४८ सालीं लंडनमध्यें नाचला. त्याच्यानंतरचें मोठें नांव बिल रॉबिन्सन याचें. हा १८७८ सालीं जन्मला व १९४९ सालीं वारला. जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत, प्रत्येक पायरीवर निराळा आवाज काढीत तो नाचत असे. त्याचा जन्मदिवस, २५ मे, हा अमेरिकेंत या नाचाचा दिवस म्हणून पाळावा, असा ठराव तेथील काँग्रेसनें १९८९ सालीं केला.

आतां पावलांकडे वळूं. येथें वाचणारानें शक्य तर उभें राहूनच वाचावें.

सर्वांच्या आधीं भार ही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अंगाचें वजन या क्षणीं कोणत्या पायावर आहे, हें ज्याला कळतें त्याला हा नाच येतो. ज्याला कळत नाहीं त्याला नुसता आवाज येतो. स्टेप म्हणजे चवडा जमिनीवर टेकून सगळा भार त्या पायावर देणें. यांत एक आवाज. स्टँप म्हणजे पाऊल सपाट, टाचेसकट आपटून त्यावर भार देणें. यांतही एक आवाज. आणि स्टॉम्प म्हणजे पाऊल तसेंच सपाट आपटावयाचें, परंतु भार द्यावयाचा नाहीं. आपटून लगेच उचलावयाचें. स्टँप व स्टॉम्प यांचे आवाज ऐकणारास जवळजवळ सारखेच लागतात आणि नांवांतही एका स्वराचाच फरक आहे. म्हणून नवशिके येथें हमखास घोंटाळतात. फरक कळतो तो पुढच्या पावलास. स्टँप केलेला पाय अंगाच्या वजनाखालीं अडकून पडतो. तेव्हां दुसरा पाय उचलणें भाग असतें. स्टॉम्प केलेला पाय मोकळा असतो. त्याच पायानें पुढचें काम करतां येतें. म्हणजे नांव हें आवाजाचें नसून त्यानंतर काय करतां येईल, याचें आहे.

ब्रश म्हणजे चवडा जमिनीस पुसत पाय पुढें किंवा मागें नेणें. घोटा सैल पाहिजे. ओल्या फडक्यानें पाटी पुसतांना मनगट जसें सैल असतें, तसा. घोटा ताठ धरला कीं, पुसण्याचें आपटणें होतें. एक ब्रश पुढें व लगेच एक मागें, असें केलें म्हणजे त्यास शफल म्हणतात; यांत दोन आवाज, भार नाहीं. एक ब्रश पुढें करून त्याच पायावर उतरलें, म्हणजे त्यास फ्लॅप म्हणतात; यांतही दोनच आवाज, पण भार आहे. पुन्हां तोच भेद! बॉल चेंज म्हणजे एका चवड्यावरून दुसऱ्या चवड्यावर भार झटकन बदलणें. हील ड्रॉप म्हणजे चवडा टेकलेला ठेवून टाच खालीं टाकणें. हॉप म्हणजे आपली लंगडी. ज्या पायावर उडालें त्याच पायावर यावयाचें. लीप म्हणजे एका पायावरून उडून दुसऱ्यावर येणें. पावसाळ्यांत ओहळ ओलांडतांना आमचीं खेड्यांतून येणारीं मुलें जें रोज करतात, तेंच.

एवढीं अक्षरें झालीं म्हणजे त्यांचे शब्द जोडतां येतात. शफल व स्टेप जोडले कीं तीन आवाज. शफल व बॉल चेंज जोडले कीं चार: उजवा पुढें, उजवा मागें, उजवा चवडा, डावा चवडा. हे चारही आवाज अगदीं सारख्या अंतरानें येईपर्यंत पुढें जाऊं नये. पहिले दोन घाईनें व पुढचे दोन सावकाश, ही सर्वांची खोड असते, आणि ती जाण्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात.

यापुढचीं मोठीं पावलें मात्र नांवावरून उलगडत नाहींत. एका पावलाचें नांव बफलो शहरावरून पडलें आहे, एकाचें मॅक्सी फोर्ड नामक नाचणारावरून. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या एका रचनेस शिम शॅम म्हणतात. या शब्दांतून पायानें काय करावें, याचा कांहींच बोध होत नाहीं. एकाच पावलास दोन शिक्षक दोन नांवें देतात, असेंही आढळतें. याचें कारण उघड आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील हूफर्स क्लबमध्यें हे लोक एकमेकांचें पाहून, किंबहुना एकमेकांचें चोरून शिकत. पाऊल आधीं, नांव मागाहून.

आपल्याकडे याच्या अगदीं उलट रीत आहे, ती कथकाची. कथकांत बूट नाहीं. अनवाणी पाय आणि प्रत्येक घोट्यास शंभर वा त्याहून अधिक घुंगरूं. त्याचा पहिला धडा तत्काराचा. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हे आठ बोल तीनतालाच्या सोळा मात्रांत दोनदां बसतात. येथें बोल हा पायाच्या हालचालीचें वर्णन करीत नाहीं. तो आवाजाचीच नक्कल करतो. आधीं हातानें ताल धरून बोल तोंडानें म्हणावयाचे, यास पढंत म्हणतात, व मग तेच पायांतून काढावयाचे. पायांचा क्रम पाहा: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. चौथी मात्रा डाव्या पायाची आणि पांचवीही डाव्याचीच. चौथ्या मात्रेस डाव्या पायावर पुरता भार दिला, तर पांचवीस तो उचलणार कसा? म्हणजे साता समुद्रांपलीकडच्या स्टॉम्पचें जें रहस्य, तेंच या तत् चें आहे. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यास नृत्यभारती ही संस्था काढून मराठी घरांतील मुलींस हें शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढें २००५ सालीं चित्रेश दास हे कथकाचे गुरु व जेसन सॅम्युएल्स स्मिथ हा तरुण अमेरिकन टॅप-नर्तक यांनीं एकाच रंगमंचावर घुंगरूं आणि धातूच्या पट्ट्या यांचे सवालजबाब सुरू केले. त्यांस एकमेकांच्या पावलांचीं नांवें येण्याची गरज पडली नसावी. मात्रा मोजतां येत होत्या, तेवढें पुरे होतें. आपल्या मैदानावरील लेझमींतही 'चार आवाज' नांवाचा एक प्रकार आहे. त्याचें नांव तर नुसती मोजणीच आहे.

येथें आम्हांस आमच्या जिल्ह्यांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, आणि पालकांनीं तें अवश्य वाचावें. चंद्रपूर व १९८२ सालीं त्यांतून निराळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांतील जंगलपट्टींतून, भामरागड-एटापल्लीकडून, मुलें वसतिगृहांत येतात. त्यांच्या गांवीं रेला नाचतात. मुलेंमुली एकमेकांस धरून ओळ करतात, गाण्यांत 'रेला रेला' हें पालुपद फिरून फिरून येतें, आणि सबंध ओळ एका अंगानें सरकते. या नाचांतील पावलांचीं नांवें विचारलीं असतां मूल गप्प बसतें. गप्प बसलें म्हणजे त्यास कांहीं येत नाहीं, असा आपण शिकलेल्या लोकांचा तर्क असतो. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकांत 'नृत्यांत गति नाहीं' असा शेरा आम्हीं स्वतः वाचला आहे. हीच मुलगी गांवीं मध्यरात्रीपर्यंत ओळ सोडीत नसे! तिला पावलांचीं नांवें ठाऊक नव्हतीं, कारण नांवांची तिला कधीं जरूर पडली नाहीं. ओळींत शेजाऱ्याचा हात हाच तिचा शिक्षक. भार इकडचा तिकडे झाला कीं, तो तिला दंडांतून कळतो. नांव लागतें तें ओळीबाहेरून येणारास. ज्याच्या शेजारीं धरावयास कोणी नाहीं आणि जो एकटाच फळीवर उभा राहून शिकत आहे, त्यास.

त्या खडखडाट करणाऱ्या मंडळीस आम्हीं व्हरांड्यांतच एक परीक्षा दिली. स्टँप कर, आतां स्टॉम्प कर, पुन्हां स्टँप. बुटांची हौस असलेलीं शहरांतील मुलें चौथ्या-पांचव्या वेळेस अडखळलीं. भामरागडकडच्या दोन मुलांस इंग्रजी नांवें उच्चारतांना हसूं येत होतें. पण भार द्यावयाचा कीं नाहीं, एवढें माडियांत समजावल्यावर त्यांचा पाय एकदांही चुकला नाहीं. टॅपच्या अभ्यासांत जी गोष्ट सर्वांत उशिरा साधते, ती त्यांनीं घरूनच आणलेली होती. बारीक काम मात्र त्यांनाही शिकावें लागलें. रेल्यांत घोटा सैल सोडून पुसण्याचें काम नाहीं, तेव्हां शफलला तीं दोघें इतरांइतकींच नवखीं ठरलीं.

सरावाविषयीं थोडें सांगून पुरें करितों. पट्ट्यांचे बूट मागविण्याची घाई पालकांनीं करूं नये. पहिले कांहीं महिने कडक तळाचा कोणताही घट्ट बसणारा बूट चालतो. रबरी तळाचे खेळाचे बूट मात्र नकोत. ते घसरत नाहींत, म्हणून ब्रश होत नाहीं व गुडघा मुरगळतो. जमीन लाकडाची पाहिजे. शाळेच्या शहाबादी फरशीवर वा सिमेंटवर नाचल्यास आवाज मोठा येतो खरा, परंतु दगड अंगाचा धक्का मुळींच झेलीत नाहीं व तो सारा नडगींत शिरतो. सारवलेल्या अंगणांत याच्या उलट, पाय सुखी आणि आवाज नाहीं. आलापल्लीच्या सागाच्या देशांत राहून फळीची वाण पडूं नये. पण साग महाग आहे, यास्तव प्लायवुडचा तीन फूट लांब व तितकाच रुंद जाड तुकडा जुन्या सतरंजीवर ठेवावा. गुडघे किंचित वांकलेले, नजर समोर, पायांकडे नाहीं. पहिलीं दहा मिनिटें नुसती नांवें मोठ्यानें म्हणावीं व भार आहे किंवा नाहीं, तेंही सोबत म्हणावें: स्टेप, आहे, शफल, नाहीं, फ्लॅप, आहे. नंतर दहा मिनिटें पाय. उजव्या पायानें जें केलें, तें तितक्याच वेळां डाव्यानें. आणि वसतिगृहांत राहणाऱ्यांनीं ही फळी अभ्यासाच्या खोलीवरच्या मजल्यावर ठेवूं नये, खालच्या ओसरीवर ठेवावी.