भुरीचा प्रवास

काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून येताना मी स्ट्रॉबेरीची रोपे आणली आणि वाईच्या मित्राला त्याच्या वाफ्यात लावायला दिली. पानांच्या कडा वर वळल्या होत्या. उन्हाने असेल, असे मी समजलो. थोड्याच दिवसांत पानांखाली पिठासारखा पांढरा थर दिसला आणि शेजारची निरोगी रोपेही गेली. मित्र एवढेच म्हणाला, "भुरी घेऊन आलास की रे!"

वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही; पण त्या बोलण्यानंतर भुरीचा माग काढू लागलो. त्यात याच कुळातल्या एका बुरशीची गोष्ट सापडली. तिचे नाव पोडोस्फेरा मॉर्स-उवी. ती गूजबेरीवर वाढते. (भाषांतरात गूजबेरीचा हमखास 'आवळा' होतो, आपल्या आवळ्याशी तिचे नाते नाही.)

लॅटिनमध्ये 'मॉर्स' म्हणजे मृत्यू. पण ही बुरशी जगते ती फक्त जिवंत झाडावर. पानाच्या वरच्या पेशींत बारीक शोषके घुसवून ती अन्न घेते. झाड मेले तर तिचाही आधार गेला. अमेरिकेत श्वाइनिट्स यांनी १८३४ मध्ये तिचे वर्णन केले. तिथल्या रानटी जाती तिच्यासोबत वाढल्या होत्या, म्हणून बऱ्याचशा टिकून राहत. युरोपातल्या गूजबेरीला मात्र तिची ओळखच नव्हती.

१९०० मध्ये ती आयर्लंडमध्ये आढळली, १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये. कोवळे शेंडे खुरटले, फळांवर आधी पांढरा, मग तपकिरी लेप चढला. वाय कॉलेजचे अर्नेस्ट सॅमन यांनी कायद्याचा आग्रह धरला. किडींविरुद्धचा १८७७ चा कायदा १९०७ मध्ये वाढवून पिकांच्या रोगांनाही लागू झाला, त्यामागे ही भुरी होती.

औषध ठाऊक होते: गंधक. पण 'लेव्हलर'सारख्या नावाजलेल्या जातीची पाने गंधकानेच गळतात. मग उरतो कात्रीचा उपाय. बुरशी हिवाळा शेंड्यांवर काढते, म्हणून रोगट शेंडे छाटून जाळायचे.

वाऱ्याने बीजाणू शेजारच्या बागेत जातात. समुद्र ओलांडायला मात्र रोपांचा व्यापार लागतो. आता रोप घेताना मी पान उलटून पाहतो. मित्राने वाफा पुन्हा लावला, पण रोपे त्याने स्वतः जाऊन आणली.