चामडं शाबूत, रंग गेला

मेहुण्यानं नऊ वर्षं वापरलेली गाडी घरी आणली, तेव्हा इंजिन चांगलं आहे याचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. नजर गेली ती ड्रायव्हरच्या सीटवर. बेज रंगाचं चामडं, पण दाराकडची कड पांढुरकी, खरबरीत, बारीक भेगांची. चढता-उतरताना पँट घासते ती नेमकी तिथंच.

मी कोल्हापूरचा. चामडं कोरडं पडलं की तेल, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चपलांना लावतो तसं सीटलाही खोबरेल चोळलं. दोन दिवस सीट तुकतुकीत, तिसऱ्या दिवशी माझ्या ठेवणीतल्या पँटवर मागून तेलकट डाग.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात सीटचं काम करणाऱ्या एकाकडे गेलो. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाला, ‘‘काका, भजी तळली काय सीटवर? चामडं चांगलं हाय की. रंग गेलाय नुसता.’’

माझी चूक तिथं उमगली. आमची चप्पल बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेल्या कातड्याची. त्यावर रंगाचा थर नसतो, म्हणून तेल आत मुरतं. गाडीच्या सीटचं कातडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. वर रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक लेप. आपण बसतो ते खरं तर या लेपावर. ऊन, घाम आणि घासणं यांनी आधी झिजतो तोही हाच. त्याला तेल पाजून उपयोग नाही, उलट तेलावर नवा रंग धरतच नाही. बुटाच्या पॉलिशचंही तेच, आणि ते कपड्यांना लागतं ते वेगळंच.

त्यानं सीटच्या चांगल्या भागावर पाण्याचा थेंब ठेवला. थेंब मोत्यासारखा राहिला, म्हणजे लेपाचं चामडं. मुरला असता तर वरून रंग देण्याची पद्धत चालली नसती. मग सीटखालची शिवण उलटून दाखवली. आतून मऊ तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. पुष्कळ गाड्यांत अंग टेकतं तेवढंच चामडं असतं, बाजू आणि पाठ रेक्झिनची. पापुद्रे सुटलेल्या रेक्झिनला रंग देऊ नये. नवं कव्हरच शिवावं.

रंगवायला जेमतेम दुपार लागली. सकाळ सगळी गेली ती माझं तेल काढण्यात. चामड्याचा क्लीनर, मऊ ब्रश, पुसणं, पुन्हा क्लीनर. फडक्यावर आधी जीन्सचा निळा उतरला, मग नऊ वर्षांचा काळा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका बोळा. कडेवर आठशे नंबरचा पॉलिश पेपर, तोही हलक्या हातानं, आणि भेगांत वाकली तरी न तडकणारी लांबी.

रंग जुळवणं मात्र बघत राहावं असं. हेडरेस्टच्या मागं, ऊन न लागलेल्या जागी मूळ बेज सापडला. पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपका, तपकिरीचा ठिपका, काळा तर काडीच्या टोकावर. ओला रंग जुळला म्हणून मी मान डोलावली. त्यानं हेअर ड्रायर फिरवला आणि वाळल्यावर तो गडद निघाला. असं चारदा झालं. मग स्पंजनं टिपून टिपून रंगाचे पाच पातळ हात, प्रत्येक हात वाळवून. जाड हात दिला की तो घडीवर तडकतो. वरून मॅट लेप, कारण चकाकणारी सीट लगेच रंगवलेली कळते.

चोवीस तास बसायचं नाही आणि आठवडाभर ओलं फडकं लावायचं नाही, एवढंच पथ्य. स्टिअरिंग त्यानं न विचारताच पाहिलं: ‘‘सॅनिटायझरचा हात लावत होता काय?’’ करोनाच्या दोन वर्षांत मेहुणा तेच करत होता. त्यातल्या अल्कोहोलनं लेप मऊ होऊन निघाला होता.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. कडेवर पुन्हा नखाएवढा पांढरा ठिपका आलाय. उरलेला रंग त्यानं बाटलीत भरून दिलाय. दिवाळीआधी एक हात मीच मारणार आहे. खोबरेल पुन्हा चपलांच्या कपाटात गेलंय.