भट्टीत घडतो चुंबक!

फ्रिजवर चिकटवायचा किंवा जुन्या स्पीकरमधला काळा चुंबक हातात घ्या. तो लोखंडाचा असेल असं वाटतं ना? पण तो पडला तर कपासारखा फुटतो! कारण तो आहे फेराइट, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि दुसऱ्या एखाद्या धातूचा ऑक्साइड एकत्र भाजून केलेला पदार्थ. जपानमध्ये योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी 1930च्या सुमारास असे चुंबक शोधून काढले.

खरी गंमत आहे ती भाजण्यात. प्रयोगशाळेत फेराइटचे कण इतके बारीक करता येतात, की असे लाखभर कण एका ओळीत ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. कोबाल्ट फेराइटची अशी भुकटी आधी चुंबक म्हणून दुबळीच असते. पृष्ठभागावरचे अणू नीट रचलेले नसतात आणि खोलीतली साधी उष्णतासुद्धा चिमुकल्या कणाची चुंबकीय दिशा सारखी उलटीपालटी करते. ही भुकटी 600, 800 अंश सेल्सिअसला तापवली, की अणू आपापल्या जागी बसतात, शेजारचे कण जोडले जाऊन मोठे होतात आणि चुंबकत्व वाढतं.

म्हणजे तापवलं की जोर वाढतो? थांबा! जस्ताच्या फेराइटचं नेमकं उलटं होतं. त्याचे अतिबारीक कण चुंबकाकडे ओढले जातात, पण चांगले तापवले की ही ओढ कमी होते!

असं का? अशा फेराइटच्या स्फटिकात धातूच्या अणूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात: काहींच्या भोवती चार ऑक्सिजन, काहींच्या भोवती सहा. या दोन गटांची रस्सीखेच चालू असते. दोघं विरुद्ध दिशांना ओढतात आणि उरलेला जोर म्हणजे आपल्याला जाणवणारं चुंबकत्व. हे कोडं फ्रान्सच्या लुई नेएल यांनी 1948 मध्ये उलगडलं. पुढे 1970 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. जस्ताला स्वतःचा चुंबकीय जोर नसतो. नीट तापवलेल्या फेराइटमध्ये तो चार-ऑक्सिजनवाल्या जागा बळकावतो, मग त्या बाजूने ओढायला कोणी उरतच नाही आणि समोर रस्सी धरणारं कोणी नसल्याने दुसऱ्या बाजूचे लोखंडाचे अणूही एका दिशेला राहत नाहीत. बारीक कणांमध्ये मात्र काही लोखंड आणि जस्त यांची अदलाबदल झालेली असते, म्हणून खेळ रंगतो. एवढीशी जागा बदलली आणि पदार्थाचा स्वभावच बदलला! मला तर हे जादूपेक्षाही भारी वाटतं.

कण फार मोठे झाले तरी पंचाईत. मग एकाच कणात वेगवेगळ्या दिशांचे भाग पडतात आणि चुंबकाची दिशा सहज उलटते. त्यामुळे किती तापवायचं, हे शास्त्रज्ञ फार काळजीपूर्वक ठरवतात.

लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर टोकाजवळ कधीकधी जाड गाठ दिसते. तिच्या आत फेराइटची नळी असते. विजेतल्या नको असलेल्या लहरी ती अडवते. चार्जर बंद करून त्या गाठीजवळ चुंबक नेऊन बघा, ओढ जाणवते का!