आधी प्लग काढा, मग सेल्फ मारा

जेट स्कीच्या इंजिनात पाणी शिरलं की पहिला दोष समुद्राला आणि दुसरा पर्यटकाला. लाट अंगावर आली, वळण जोरात घेतलं, गाडी उलटली. तारकर्लीपासून कळंगुटपर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहा, हेच ऐकू येईल. पण यंत्राची रचना पाहिली, तर हवेच्या वाटेनं शिरण्यापेक्षा सायलेन्सरच्या वाटेनं उलटं येणं पाण्याला जास्त सोपं आहे. म्हणून माझा पहिला संशय लाटेवर नसतो, संध्याकाळी गाडी धुणाऱ्या नळीवर असतो.

पेट्रोल इंजिनाच्या धुराचं तापमान ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातं. मोटरसायकलचा सायलेन्सर वाऱ्यावर गार होतो. जेट स्कीचं इंजिन मात्र बंदिस्त सांगाड्यात, पेट्रोलच्या टाकीशेजारी बसलेलं असतं. तिथे तापून लाल झालेली नळी म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे जेट पंपानं उचललेल्या पाण्यातलं थोडं पाणी मुद्दाम एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं. धूर आणि पाणी एकत्र होऊन ‘वॉटर बॉक्स’ नावाच्या डब्यात येतात आणि तिथून बाहेर पडतात. इंजिन चालू आहे तोवर धुराचा जोर पाण्याला रेटत राहतो. ते बंद पडलं की रेटणारं कोणी उरत नाही. डबा भरतो, पाणी नळीचा चढ ओलांडतं आणि पुढे थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत उतारच असतो.

खारं पाणी धुऊन काढताना नळीचा क्रम पाळायचा तो याचसाठी. आधी इंजिन सुरू, मग नळ. संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलं तर गाडी किनाऱ्यावर, कोरड्या वाळूवर उभी असताना बुडते! बंद पडलेली जेट स्की दोरीनं वेगात ओढली तरी तेच होतं. पंपाच्या तोंडातून पाणी घुसत राहतं आणि धूर नसतो. ताशी ८ किलोमीटरच्या आत ओढावी, नाहीतर पाण्याची नळी चिमट्यानं दाबून टाकावी. उलटलेली गाडी कोणत्या बाजूनं सरळ करायची हे मागच्या स्टिकरवर बाणानं दाखवलेलं असतं. चुकीच्या बाजूनं फिरवली तर वॉटर बॉक्समधलं पाणी इंजिनात ओतलं जातं. तो स्टिकर उन्हानं उडालेला असतो, ही गोष्ट वेगळी.

आता पाणी शिरलंय असा संशय आहे. सगळ्यात वाईट सवय म्हणजे ‘एकदा सेल्फ मारून बघू’. हिशेब करून पाहा. १५०० सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर ५०० सीसीचा. कॉम्प्रेशनचं प्रमाण १०:१ धरलं, तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साधारण ५५ मिलिलिटर. कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावतं. तेवढ्या जागेत हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाण्याचं आकारमान फक्त एक टक्का कमी करायला वातावरणाच्या २०० पटींहून जास्त दाब लागतो. पिस्टन अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या सेल्फवर बहुतेकदा ‘ठक्’ होऊन इंजिन थांबतं. पण मिनिटाला ७००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन खालून वर यायला सेकंदाचे चार-साडेचार हजारांश लागतात. त्या वेगात पाणी आलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोकही पडू शकतं.

म्हणून आधी प्लग काढायचे. काढतानाच निम्मं निदान होतं. तिन्ही प्लग ओले आणि एअर बॉक्स कोरडा असेल तर पाणी एक्झॉस्टमधून आलंय. एअर बॉक्समध्येही पाणी असेल तर सांगाड्याच्या तळाशी पाणी साचून फिरत्या शाफ्टनं ते उडवलेलं असणार. अशा वेळी मागचे ड्रेन प्लग लावले होते का, हे विचारून पाहावं. उत्तर देताना समोरचा बहुधा दुसरीकडे बघतो. एकच सिलिंडर ओला, किंवा शेजारशेजारचे दोन, तर हेड गॅस्केटकडे वळावं. प्लग काढल्यावर मग सेल्फ मारायचा, इग्निशन तोडून आणि प्लगच्या भोकांपासून तोंड लांब ठेवून. पाण्याचा फवारा छातीपर्यंत येतो आणि आसपास पेट्रोलची वाफ असते. सी-डू जेट स्कीमधल्या रोटॅक्सच्या चार-स्ट्रोक इंजिनांत थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही आपोआप बंद राहतात. बुडालेल्या इंजिनासाठीच ती सोय आहे.

मग डिपस्टिक. ऑइल दुधाळ दिसलं की सगळे मान हलवतात. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट रसायनं पाण्याला बारीक थेंबांत धरून ठेवतात आणि ते थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून पांढरटपणा. झाकणाच्या आत थोडीशी पांढरी साय असेल तर लगेच घाबरू नये. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं पिस्टन रिंगांना चुकवून खाली येतं आणि पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या, पुरतं न तापणाऱ्या इंजिनात तिथेच थेंब होऊन बसतं. पातळीच खुणेच्या वर गेली असेल तर मात्र बाहेरून पाणी आलंय. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत हा पुरावा मिळतच नाही, कारण तिथे क्रँकखाली ऑइलचा साठाच नसतो. पाणी सरळ क्रँकच्या बेअरिंगवर बसतं.

दुधाळ ऑइल पाणी आल्याचं सांगतं, कुठलं पाणी आलं ते सांगत नाही. सिलिंडरमधून निघालेलं पाणी बाटलीत धरा आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट दोन थेंब घाला. समुद्राच्या एका लिटरात सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असतं, त्यामुळे दाट पांढरा साका बसतो. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात साधारणपणे नुसती गढूळ छटा येते. गढूळ छटाच आली तर पर्यटक सुटला, नळी धरणारा सापडला. हिरवा किंवा गुलाबी कूलंट असेल तर प्रकरण तिसरंच. सी-डूच्या इंजिनात कूलंट बंद चक्रात फिरतो, तेव्हा गॅस्केट उडालं की ऑइलमध्ये तोच सापडतो आणि त्याची टाकी रिकामी होत जाते. यामाहा आणि कावासाकी इंजिनाभोवती बाहेरचंच पाणी खेळवतात. त्यांच्या उडालेल्या गॅस्केटमधूनही खारंच पाणी येणार, म्हणून तिथे चाचणीचा अर्थ गाडीची जात बघून लावायचा. चाखून बघण्याचा मोह टाळा. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं.

गॅस्केटचा निकाल लीक-डाउन चाचणी देते. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर बॉक्समधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट. रॉड वाकलाय का, हे तिन्ही भोकांतून सळई घालून कळतं. पिस्टन वर आल्यावर ज्या सिलिंडरमध्ये सळई जास्त खोल जाते, त्याचा रॉड आखूड झालेला असतो.

हे सगळं त्याच दिवशी करायचं. क्लोराईड पोलादावर गंज चढवायला रात्रभरही थांबत नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असताना ‘सीझन सुरू होताना बघू’ म्हणून ठेवलेलं ओलं इंजिन नंतर पाहायला उरत नाही, ते उघडल्यावर सिलिंडरला चिकटलेल्या रिंगाच मिळतात. ऑइल आणि फिल्टर एकदा बदलून भागत नाही. इंजिन चांगलं तापवायचं, पुन्हा बदलायचं, डिपस्टिकवर स्वच्छ रंग दिसेपर्यंत. दोन-तीन वेळा बदलूनही पहिल्या दहा मिनिटांतच दुधाळपणा परत आला, तर ऑइलवर पैसे घालवणं थांबवून हेड उघडायला सांगावं.