कॉलेजपूर्व गणिताची उजळणी: अपूर्णांक, त्रैराशिक आणि एकके
लेखमाला: कॅनडातील उच्च शिक्षण – लेखांक ५

कॅनडातील कॉलेजच्या पहिल्या सत्रात गणित अडते, ते बहुधा नव्या धड्यामुळे नव्हे. सहावी ते आठवीत शिकलेल्या आणि पुढे सराव सुटलेल्या गोष्टी तिथे आड येतात. म्हणून प्रवेशापूर्वीच्या उजळणीची सुरुवात बारावीच्या पुस्तकापासून न करता अपूर्णांक, त्रैराशिक आणि एकके यांपासून करावी लागते.

कॅनडात कॉलेज आणि युनिव्हर्सिटी या वेगळ्या संस्था आहेत. कॉलेजचा भर मुख्यतः व्यवसायाभिमुख पदविका आणि प्रमाणपत्रांवर असतो. ऑन्टारिओ प्रांतातील कॉलेजांची उभारणी 1965 च्या कायद्याने झाली. त्या प्रांतात बारावीचे गणितही एकच नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड फंक्शन्स’ आणि ‘कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स’ हे विषय युनिव्हर्सिटीकडे नेतात, तर ‘मॅथमॅटिक्स फॉर कॉलेज टेक्नॉलॉजी’ आणि ‘फाउंडेशन्स फॉर कॉलेज मॅथमॅटिक्स’ हे कॉलेजकडे. निवडलेल्या अभ्यासक्रमाला यांपैकी कोणता विषय लागतो, हे आधी पाहिले की किती उजळणी करायची ते ठरते.

अपूर्णांक

कॅनडाने 1970 च्या दशकात दशमान पद्धत स्वीकारली, तरी घरबांधणी आणि सुतारकाम आजही फूट-इंचांत चालते. भिंतीच्या सांगाड्यात वापरली जाणारी ‘टू बाय फोर’ ही लाकडी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. मोजपट्टीवर इंचाचे सोळा भाग असतात. साडेतीन इंचांतून 5/8 इंच वजा करायचे झाल्यास 28/8 मधून 5/8 काढून 23/8, म्हणजे 2 7/8 इंच उरतात. कॅल्क्युलेटर 2.875 असे उत्तर देतो, पण त्या मोजपट्टीवर 2.875 ही खूण नसते. तिथे सात-अष्टमांश शोधावा लागतो.

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. अपूर्णांकाने गुणणे तोंडी यावे, हाच त्या पाढ्यांचा हेतू होता. आजच्या उजळणीतही समच्छेद करणे, अंशाधिक अपूर्णांकाचे पूर्णांकयुक्त रूप करणे आणि अपूर्णांकाने भागणे या तीन क्रिया कागदावर सहज जमेपर्यंत कॅल्क्युलेटर दूर ठेवावा.

त्रैराशिक

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात औषधाची मात्रा काढणे हे अत्यावश्यक कौशल्य आहे. 5 मिलिलिटर द्रवात 125 मिलिग्रॅम औषध असेल आणि रुग्णाला 200 मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर किती द्रव घ्यावा? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) अशी उदाहरणे त्रैराशिकाने सोडवली आहेत. प्रमाण 125, फल 5, इच्छा 200. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर 8 मिलिलिटर येते.

सलाइनच्या गणितात हीच क्रिया दोनदा करावी लागते. 1000 मिलिलिटर द्रव 8 तासांत द्यायचा, तर ताशी 125 मिलिलिटर. नळीतून 1 मिलिलिटरला 15 थेंब पडत असतील, तर तासाला 1875 आणि मिनिटाला सुमारे 31 थेंब. शेकडेवारी, द्रावणाची तीव्रता आणि नकाशाचे प्रमाण यांच्या मुळाशीही त्रैराशिकच आहे. त्यामुळे ते पक्के झाले की चार धडे एकदम सोपे होतात.

एकके

एकक न लिहिता केलेले गणित किती महाग पडू शकते, हे कॅनडाने 23 जुलै 1983 रोजी अनुभवले. एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानाला एडमन्टनपर्यंतच्या प्रवासासाठी 22,300 किलो इंधन हवे होते. इंधनदर्शक बंद असल्याने टाकीतले लिटर मोजून त्यांचे वजन काढण्यात आले. त्यासाठी 1.77 हा गुणक वापरला गेला. तो एका लिटरमागील पौंडांचा होता. किलोसाठी तो सुमारे 0.80 असायला हवा होता. परिणामी विमानात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले आणि दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन मॅनिटोबातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतले सर्व 69 जण वाचले.

त्या हिशेबातला गुणाकार बरोबर होता, पण संख्येपुढे एकक नव्हते. प्रत्येक पायरीवर एकक लिहून ते संख्येप्रमाणेच छेदत जाण्याची सवय लावली, तर अशी चूक कागदावरच दिसते.

क्रम आणि सोयी

उजळणीपूर्वी वीसेक उदाहरणांची चाचणी स्वतःच घ्यावी आणि जिथे हात अडेल, त्याच्या एक पायरी मागून सुरुवात करावी. सोयीचा क्रम असा: ऋण संख्या, अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी, गुणोत्तर, एकके, सूत्राची फेरमांडणी, रेषीय समीकरणे, आलेख. रोज अर्धा तास हा रविवारच्या चार तासांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण विसरलेली क्रिया वारंवार केल्यानेच हातात बसते.

ऑन्टारिओतील कॉलेजांत प्रौढांसाठी ‘अ‍ॅकॅडमिक अँड करिअर एन्ट्रन्स’ हा बारावीशी समकक्ष अभ्यासक्रम शिकवणी शुल्काविना चालतो. ब्रिटिश कोलंबियात 2017 पासून प्रौढ मूलभूत शिक्षण देशांतर्गत विद्यार्थ्यांना शुल्कमुक्त आहे. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याने अशा सोयींच्या पात्रतेच्या अटी कॉलेजकडे आधी तपासाव्यात. वॉटर्लू विद्यापीठाच्या गणित आणि संगणन शिक्षण केंद्राचे ऑनलाइन धडे मात्र सर्वांना मोफत खुले आहेत. नागपूर किंवा कोल्हापुरात घरी बसूनही ते पुरे करता येतात.