तळं राखणाऱ्यानं पाणी किती चाखावं?

माझ्या लग्नानंतरचा तो पहिला भाद्रपद. खड्याच्या गौरी आणायला सासूबाईंबरोबर गावातल्या जुन्या तळ्यावर गेले होते. निघताना त्यांनी बजावलं होतं, "सात खडे उचलायचे आणि घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही." शब्द काढला नाही, पण वर मात्र बघितलं. काठावरच्या चिंचा बगळ्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या. फांदीफांदीवर घरटी, त्यात पिल्लांचा कलकलाट, आणि खाली पाण्यात कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ती पण माहेरपणालाच येतात गं. दरवर्षी, पावसात."

त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. सासूबाई नाहीत. तळं आहे. पण ते कसं राहिलं, त्याचीच ही गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण मैत्रिणींनो, अशी तळी तुमच्याही गावात असणार आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारेही.

मुरमाचे ट्रॅक्टर

दोन वर्षांपूर्वी माघात एक दिवस तळ्याच्या पूर्वेच्या काठावर मुरमाचे ट्रॅक्टर रिकामे व्हायला लागले. चौकशी केली तर कळलं, तिथे दुकानांचे गाळे होणार. बाभळीचं एक बन तोडूनही झालं होतं. चिंचांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे आकडे पडले होते. आकडे पडले म्हणजे झाडाची पाळी आली, हे कुणी सांगावं लागत नाही.

आमची बाराजणींची भिशी आहे. त्या महिन्यात भिशीचे पैसे कुणाला लागले ते आज कुणालाच आठवणार नाही, कारण सगळा वेळ तळ्यावरच गेला. एक जण म्हणाली, "सरकारचं तळं, सरकारची जागा. त्यांनी बुजवायचं ठरवलं तर आपण कोण विचारणार?" दुसरी म्हणाली, "तळे राखी तो पाणी चाखी, आणखी काय!" सगळ्या हसल्या. पण हसण्यात जीव नव्हता.

तिसरी हसलीच नाही. ती बाजारात भाजी विकते. ती म्हणाली, "गाळे झाले तर मला एक मिळेल असं सांगितलंय. तुम्ही पक्ष्यांना झाडं शोधताय, माझ्या पाटीला सावली कोण शोधणार?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिचा थोडा रागच आला होता. घरी आल्यावर स्वतःचाच आला. तीस वर्षं उन्हात बसून मुलांची शिक्षणं करणाऱ्या बाईनं एका छपराची आशा धरली, तर तिचं काय चुकलं?

स्त्रीधन आणि तळं

पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या एकीची भाची आली. ती वकील आहे. तिनं आम्हाला कायदा समजावला तो कलमांनी नाही, दागिन्यांनी.

"मावशी, तुझ्या लग्नात आईनं घातलेल्या पाटल्या सासूबाईंच्या कपाटात होत्या ना? मग त्या कुणाच्या?"

"माझ्याच की!"

"सासरच्यांनी तुला न विचारता त्या मोडल्या असत्या तर?"

मावशी गप्प झाल्या. तशा प्रसंगातून गेलेल्या दोघीजणी समोरच बसल्या होत्या.

ती म्हणाली, "१९८५ साली प्रतिभा राणी नावाच्या बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, स्त्रीधन हे बाईचंच. सासरच्यांकडे ते नुसतं विश्वासानं सांभाळायला दिलेलं असतं. ते गिळंकृत केलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा. आता नदी, जंगल, तळं यांचंही तसंच आहे. सरकार त्यांचं मालक नाही, विश्वस्त आहे. कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे, पाटल्या आपल्या आहेत."

हे तिच्या मनचं नव्हतं. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठावर एक मोटेल होतं. त्यांनी नदीकाठच्या वनजमिनीवर अतिक्रमण केलं आणि पुढे ती जमीन सरकारकडून भाडेपट्ट्यानं मिळवली. पुराचं पाणी आपल्याकडे येऊ नये म्हणून यंत्रं लावून नदीचा प्रवाहच वळवायचा घाट घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की अशी नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेच्या वतीनं विश्वासानं ठेवलेली असते, ती खासगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाही. भाडेपट्टा रद्द झाला आणि बिघडवलेला नदीकाठ पूर्ववत करण्याचा खर्च मोटेलवाल्यांच्या माथी आला.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच दिवशी, १२ डिसेंबरला, गोदावर्मन खटल्यात याच न्यायालयानं दुसरा मोठा आदेश दिला होता. जंगल कुणाच्या मालकीचं आहे हे न बघता, शब्दकोशाच्या अर्थानं जे जंगल ते जंगल, आणि केंद्राच्या परवानगीशिवाय तिथे दुसरं काम करायचं नाही!

मग घटना काय म्हणते?

आपल्या मूळ घटनेत वन्यजीवांसाठी वेगळं कलम नव्हतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं कलम ४८-अ आलं. देशाचं पर्यावरण राखण्याचा, सुधारण्याचा आणि वनं व वन्यजीव सुरक्षित ठेवण्याचा राज्य प्रयत्न करील, असं ते सांगतं. त्याच वेळी कलम ५१-अ मध्ये नागरिकांची कर्तव्यं आली. त्यात जंगलं, तळी, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही आहे.

भाचीनं लगेच एक गोष्ट स्पष्ट केली. ४८-अ हे मार्गदर्शक तत्त्व आहे. नुसतं ते कलम दाखवून कोर्टाकडून हुकूम मिळत नाही. पण जगण्याचा हक्क देणारं कलम २१ आहे, आणि स्वच्छ हवा, पाणी, निसर्ग यांच्याशिवाय जगणं कसलं, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. २००१ साली उत्तर प्रदेशातल्या एका गावचं तळं घरांसाठी वाटून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जागा रिकामी करायला लावली आणि वने, तळी, टेकड्या ही निसर्गाची देणगी आहे, ती जपल्याशिवाय लोकांना नीट जगता येणार नाही, असं सांगितलं. २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या निकालात तर सगळ्याच राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करायला सांगितलं.

आणि पक्षी? त्यांच्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आम्हाला वाटायचं तो फक्त वाघ-बिबट्यांचा. पण या कायद्यातली 'शिकार' म्हणजे नुसती बंदूक नव्हे. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही शिकारीतच मोडतं. म्हणजे ऐन विणीत घरट्यांनी भरलेल्या चिंचेवर कुऱ्हाड चालवणं हा नुसता झाडाचा प्रश्न राहत नाही. झाडाचाही वेगळा कायदा आहेच. महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. मग ते पालिकेचं का असेना!

दहा रुपयांचं तिकीट

आम्ही मोर्चा काढला नाही की उपोषण केलं नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. अक्षर आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं. प्रश्न चारच होते. जमिनीच्या जुन्या नोंदीत तिथे काय लिहिलंय? भराव टाकायला परवानगी कुणी दिली? झाडं तोडायला परवानगी आहे का? सरकारच्या पाणथळ जागांच्या यादीत हे तळं आहे का?

कायद्यानं उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ती संपायला दोन दिवस असताना पाकीट आलं. जुन्या नोंदीत जागा 'तळे' अशीच होती. भरावाच्या परवानगीचा कागद 'उपलब्ध नाही'. वृक्षतोडीचा अर्ज 'विचाराधीन'. म्हणजे परवानगी नसतानाच बाभळी गेल्या होत्या!

चौथं उत्तर मात्र आमच्या विरोधात गेलं. देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. आमचं तळं तेवढं मोठं नाही. आमच्याच जिल्ह्याच्या पलीकडचं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ झालं, जगाच्या नकाशावर गेलं. आमच्या तळ्याला असा कुठलाच मान नाही. पण पाटल्या हलक्या असल्या म्हणून त्या स्त्रीधन राहत नाहीत का?

उत्तरांच्या प्रती जोडून जिल्हाधिकारी, वन विभाग आणि पालिका यांना एकाच मजकुराचं निवेदन दिलं. पोच घेतली. (ही पोच फार महत्त्वाची. ती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही!) गरज पडली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायची तयारीही ठेवली. २०१० च्या कायद्यानं झालेल्या या न्यायाधिकरणाचं आपल्या भागासाठीचं खंडपीठ पुण्यातच आहे. मात्र तिथे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, 'बघू पुढे' म्हणून चालत नाही.

न्यायाधिकरणात जायची वेळ आली नाही. ट्रॅक्टर थांबले.

पाटीची सावली

पण भाजीवाल्या मैत्रिणीचं काय? निवेदन लिहायला बसलो तेव्हा शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तिची सही नसेल तर माझीही नाही." मग पुन्हा भाचीला फोन केला. तेव्हा कळलं की २०१४ पासून पथविक्रेत्यांसाठीही कायदा आहे. गावात पथविक्रेत्यांची समिती हवी, तिच्यात किमान चाळीस टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे तिला जागा देणं हा तळ्याच्या बदल्यात केलेला उपकार नव्हता. तो तिचा आधीपासूनचाच हक्क होता. तो तिला सांगितला गेला नव्हता, एवढंच.

निवेदनात एक परिच्छेद वाढला. बाजारातल्या मोकळ्या जागेवर विक्रेत्यांसाठी शेड करावी, असा. तिनं सही केली. सही करताना म्हणाली, "माझी विहीर तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. ती आटली असती तर गाळ्यात बसून विकलं काय असतं?"

सगळं छान झालं असं म्हणू शकत नाही. शेड अजून झालेली नाही. ती उन्हातच बसते. टाकलेला मुरूम काढलेला नाही, त्यावर आता गवत आलंय. गाळ्यांची फाइल बंद झाली की नुसती कपाटात गेली, हेही कुणी सांगत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाला, शहराला जैवविविधता समिती हवी. आमच्याकडे ती कागदावर होती, पण तिच्या सभासदांनाच आपण सभासद आहोत हे ठाऊक नव्हतं! २००४ च्या नियमांत या समितीवर एक तृतीयांश बायका घ्यायला सांगितलं होतं. आता आमच्यातल्या दोघी तिच्यासाठी अर्ज घेऊन बसल्यात.

सरकारवर कर्तव्य आहे, हे कायदा लिहून ठेवतो. पण त्याची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते. घरातही नाही का, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला अधूनमधून विचारावं लागतं, "माझ्या पाटल्या आहेत ना जागेवर?" विचारणं म्हणजे भांडण नव्हे. न विचारण्यानंच पुढची भांडणं होतात.

गेल्या भाद्रपदात सूनबाईला घेऊन गौरी आणायला गेले. तोडलेल्या बाभळींच्या जागी मोकळं आभाळ दिसत होतं. त्या बाजूला पक्षी नव्हते. पण चिंचांवर होते, पहिल्यापेक्षा कमी, तरी होते. बुंध्यांवरचे लाल आकडे पावसानं पुसट झालेत, पुसले मात्र गेलेले नाहीत. सूनबाईनं सात खडे उचलले आणि नियम मोडून विचारलंच, "आई, हे आकडे कसले?"

घरी येईपर्यंत मी काही बोलले नाही. आल्यावर आधी गौरी बसवल्या, मग तिला माहितीच्या अधिकारातलं ते पाकीट दाखवलं. ते आता आमच्या घरी दागिन्यांच्या डब्याशेजारीच ठेवलेलं असतं.

तुमच्या गावच्या तळ्याच्या कागदावर काय लिहिलंय, कधी पाहिलंय का?