कात्री तिची, हमी कुणाची?

ॲन फोंतेन या दिग्दर्शिकेचा ‘कोको बिफोर शॅनेल’ हा २००९ सालचा फ्रेंच चित्रपट विख्यात वेशभूषाकार गाब्रिएल ऊर्फ कोको शॅनेल हिच्या पूर्वायुष्यावर आधारलेला आहे. वडिलांनी अनाथाश्रमात सोडलेली मुलगी, पोटासाठी शिवणकाम करणारी व रात्री गाणी म्हणणारी तरुणी, आणि एतिएन बाल्साँ या धनिकाच्या वाड्यावर आश्रित म्हणून राहणारी स्त्री, अशा टप्प्यांनी कथा पुढे सरकते. ऑद्रे तोतू हिने ही भूमिका मोठ्या संयमाने वठवली आहे.

पॅरिसच्या उंची वस्त्रव्यवसायाची घडी १९ व्या शतकात चार्ल्स वर्थ याने बसवली. पुढे दूसे, प्वारे यांनी त्यावर राज्य केले. जान पाकँ, जान लाँव्हँ यांच्यासारख्या स्त्रिया त्यात होत्या, तरी स्त्रीने काय ल्यावे हे प्रामुख्याने पुरुषच ठरवीत. चित्रपटातील कोको बाल्साँच्या कपाटातील कपडे कापून स्वतःसाठी बेतते, पिसाऱ्यांनी लगडलेल्या टोप्यांऐवजी साध्या टोप्या घडवते, आणि शिंप्याकडून कॉर्सेटविना घालता येईल असा काळा पोशाख हट्टाने शिवून घेते. तिची दृष्टी कशी घडली, हे या प्रसंगांतून संवादाविना उमगते.

चित्रपट कात्री तन्मयतेने दाखवतो. खातेवही मात्र ओझरती. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला तिचीच ओढ लागते. आर्थर ‘बॉय’ केपेल या इंग्रज व्यावसायिकाच्या साहाय्याने तिने १९१० मध्ये पॅरिसच्या र्यू काँबों या रस्त्यावर टोप्यांचे दुकान थाटले. १९१३ मध्ये दोव्हील येथे दुसरे. तिने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, बँकेतून उचललेले पैसे हा आपलाच नफा आहे, अशी तिची समजूत होती. केपेलने तारण ठेवले म्हणून बँक पैसे देते, हे कळताच ती अंतर्बाह्य दुखावली. त्या दिवसापासून तिने खर्चाला लगाम घातला, आणि युद्धकाळात पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या जर्सी कापडातून स्त्रियांचे सुटसुटीत कपडे शिवून केपेलची रक्कम फेडली. तिचे खरे स्वातंत्र्य मला त्या परतफेडीत दिसते.

१९१९ मध्ये केपेल मोटार अपघातात गेला. आरशांच्या जिन्यावर बसून आपली वस्त्रे न्याहाळणाऱ्या कोकोपाशी चित्रपट थांबतो. पुढील हिशेब अधिक बोधप्रद आहे. १९२१ मध्ये आलेल्या ‘शॅनेल नंबर ५’ या अत्तरासाठी १९२४ मध्ये कंपनी स्थापन झाली. तिच्यात वेर्थाइमर बंधूंचे ७० टक्के, थिओफिल बादेर यांचे २० टक्के, आणि जिच्या नावावर बाटली विकली जाई तिचे अवघे १० टक्के! भांडवल व कारखाना त्यांचा होता, हे खरे. पण त्या स्वाक्षरीचा सल तिला दशकानुदशके छळत राहिला. जर्मन ताब्याच्या काळात तर वेर्थाइमर कुटुंब ज्यू असल्याचा फायदा उठवून, ज्यूविरोधी कायद्यांच्या आधारे कंपनी बळकावण्याचा प्रयत्न तिने केला. त्यांनी मालकी आधीच एका विश्वासू फ्रेंच गृहस्थाकडे सोपवल्याने तो फसला. १९४७ च्या तडजोडीत तिला जगभरच्या अत्तरविक्रीवर २ टक्के मिळू लागले. कर्तृत्व आणि सचोटी ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातील शिल्लक दुसऱ्यातील तूट भरून काढत नाही.

आपल्या पेढ्यांवर आज लेकीसुना दागिन्यांची नक्षी काढतात, साड्यांचे रंग निवडतात. त्यांच्या पारखीवर हंगाम उभा राहतो. त्यांचे कौतुकही होते. परंतु भागीदारीपत्रात त्यांचे नाव आहे काय? नफ्यातील हिस्सा ठरला आहे काय? कर्जाच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो कागद त्यांना कुणी समजावून सांगितला काय? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत, व्यवहारशुद्धीचे आहेत. घरातील जाणत्या मुलामुलींसह हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि दिवाळीला नवी वही घालण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे एकत्र बसून लिहून काढावीत.